परक्या स्टेशनावरची तडतड

माझ्या सासऱ्यांना कमी ऐकू येत होतं, पण हे त्यांना सांगायची घरात कुणाची छाती नव्हती. "लोकंच आजकाल हळू बोलून राहिलेत," असं ते म्हणायचे आणि त्याचं खापर दुष्काळावर फोडायचे. पोटात नसलं की आवाज निघत नाही, हे त्यांचं कारण. कारण अगदीच खोटं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात खरोखरच कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. टँकर आला की तेवढा गलका व्हायचा, मग पुन्हा सगळं गप्प.

गाव देवणीच्या अलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. मी नांदेडची. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. लातूर जिल्हा नवानवा झाला होता आणि माझे यजमान तिथल्या कचेरीत कारकून लागले होते. तिथं फायली जास्त आणि खुर्च्या कमी, त्यामुळे आधी येईल तो बसतो आणि उशिरा येणारा उभ्यानं लिहितो, असं ते सांगायचे. शनिवारी एस.टी.नं निलंग्यापर्यंत यायचे, पुढं मिळेल त्या वाहनानं घरी, आणि सोमवारी पहाटे परत. सासरे त्यांना दर शनिवारी एकच प्रश्न विचारायचे, "जिल्हा नवा आला म्हणं. मग पाऊस कामून आणला न्हाई त्यानं?" यजमान ते हसण्यावारी न्यायचे. नोकरीला लागलेल्या मुलाला टोमणा मारायला सासऱ्यांना एवढं निमित्त पुरायचं.

म्हणजे एरवी घरात आम्ही तिघंच: सासरे, सासूबाई आणि मी. त्यात मी सासऱ्यांशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. माझ्या माहेरीही पदर होता, पण एवढा नव्हता. मी कॉलेजचं एक वर्ष केलेली मुलगी, वादविवाद स्पर्धेत बोललेली. इथं सासरे ओसरीवर असले की मी माजघराच्या दाराआड. त्यांनी काही विचारलं तर उत्तर सासूबाईंनी द्यायचं, आणि सासूबाई जवळ नसल्या तर मी दाराची कडी वाजवायची. वाजली तर होय, नाही वाजली तर नाही. "भाकरी झाल्या का माय?" कडी. "टँकर आला का?" गप्प. त्यांना कमी ऐकू यायचं तरी कडीचा खणखणाट बरोबर कळायचा. मला सुरुवातीला हसू यायचं, मग राग यायला लागला, मग सवय झाली. सवय झाली याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

रेडिओ माझ्या माहेरचा. तीन बँडचा, चार सेलवर चालणारा, ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत, कोनाड्यात ठेवलेला. लग्नानंतर सामान आणताना त्याची आतली दोरी सरकली होती, त्यामुळे काटा एक दाखवायचा आणि लागायचं दुसरंच. एकदा दिवेलागणीच्या आधी सासरे बाहेर गेलेले बघून मी हिंदी गाणी शोधत होते, आणि फिरवता फिरवता एक बाई बोलायला लागली. इंग्रजी नव्हतं, एवढं मला समजलं. कन्नड आमच्या बाजारात रोज कानावर पडायची, तेलुगू मी नांदेडला ऐकलेली. ही त्यातली कुठलीच नव्हती. अर्धे शब्द नाकातून निघायचे आणि शेवटची अक्षरं ती गिळून टाकायची. मग गाणं लागलं आणि मी झाडायचं राहिलंय हे विसरून तिथंच उभी राहिले. इतक्यात अंगणात सासऱ्यांची चाहूल लागली. मी दाराआड पळाले, रेडिओ तसाच चालू.

त्यांनी देवळीला कान लावला. बराच वेळ लावला. मला वाटलं आता सेल जाळले म्हणून बोलणार. ते म्हणाले, "बंद करू नगं. ह्ये स्टेशन चांगलं हाय."

त्यांना गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं एक शास्त्र होतं, आणि ते त्यांनी दारामागच्या मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजावलं. रेडिओत खरखर असते ती यंत्राची. पण त्या खरखरीतून मधेच तडतड होते, चुलीत ओली काटकी फुटावी तशी, ती विजेची. लांब कुठं ढग भरला, वीज चमकली, की आधी रेडिओला कळतं, मग आपल्याला. लागोपाठ चार दिवस तडतड आली की आठवड्याच्या आत पाऊस. बातम्यांतला अंदाज चुकतो, पण ही तडतड आजवर चुकली नाही, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर चुकलेल्या खेपा त्यांनी लक्षात ठेवल्या नसतील.

मराठी स्टेशन या कामाला चालत नव्हतं. "भजन लागलं की मन भजनात. बातम्या लागल्या की मन त्यात. आपली भाषा आली की माणूस अर्थाच्या मागं जातंय, आन् तडतड ऱ्हाते बाजूला," ते म्हणाले. उर्दूही नको, कारण ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, तिथंही मन गुंतायचं. जिचा एक शब्दही घरात कुणाला कळत नाही अशी भाषा पाहिजे होती, ती सापडली. राहता राहिला कानांचा प्रश्न. तो त्यांनी स्वतःकडं कमीपणा न घेता सोडवला. "तुझे कान कवळे हायत माय. तू ऐक. तडतड आली की कडी वाजव. इचार मी करतो."

पुढच्या शनिवारी यजमानांनी ते स्टेशन ऐकलं आणि कचेरीतल्या एका तरुण साहेबांना त्या बाईच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली. साहेब म्हणाले, फ्रेंच असणार. पण ती भाषा आफ्रिकेतही बोलतात, त्यामुळे स्टेशन कुठलं ते सांगता येणार नाही. म्हणजे भाषेचं नाव कळलं आणि बाई कुठं बसून बोलते ते कळलंच नाही. सासरे म्हणाले, कुठलं का असंना, ढग तर आपल्याकडचेच हायत ना.

हे सगळं चाललं होतं ते दोन बैलांसाठी. देवणीच्या जातीचे, पांढऱ्यावर काळे बांडे, एकाच गाईचे. थोरला आणि धाकटा. सासरे सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे, त्याला आधी तांब्याभर पाणी लागायचं. त्या वर्षी सासरे वाटीभर पाण्यावर आले होते, आणि पूजा झाली की तीच वाटी थोरल्याच्या तोंडाशी न्यायचे. त्या एवढ्या मोठ्या जनावराची जीभही त्यात ओली होत नसेल. कडब्याची गंज रोज खाली उतरत होती. तालुक्याला जनावरांसाठी सरकारी चारा-छावणी उघडली होती, पण "माझी जनावरं सरकारच्या दावणीला बांधणार न्हाई," असं ते चारचौघांत बोलून बसले होते.

एक वाट खुली होती. सासूबाईंचा भाऊ बिदरकडं राहायचा, त्याच्या विहिरीला अजून पाणी होतं आणि उसाचं वाढं होतं. बैल आणून बांधा, असा त्याचा निरोप होता. पण बैल तिकडं गेले आणि इकडं पाऊस पडला तर? वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, काही बैलांची वाट बघत थांबत नाही. पेरणीच्या दिवसांत गावात कुणी कुणाला आपले बैल देत नाही. ठेवावेत तर चारा नाही, पाठवावेत तर पेरणी जाते. तेव्हा बैल पाठवायचे की थांबायचं, हे त्या तडतडीवर ठरणार होतं, आणि तडतड माझ्या कानांवर.

आता माझं सांगते. रोज संध्याकाळी ते स्टेशन अर्धा तास लागायचं. पाच-दहा मिनिटं ऐकून तडतड नाही असं झालं, की सासरे सेल वाचवायला रेडिओ बंद करायचे. ते सेल आम्ही दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवून पुन्हा पुन्हा वापरत होतो. तडतड असली तर मात्र वाढते का बघायला शेवटपर्यंत चालू. आणि त्या अर्ध्या तासाच्या अगदी शेवटी एक गाणं लागायचं. एका बाईचं, जाड, थकलेल्या आवाजाचं, आणि मागं पेटीसारखं काहीतरी, दम लागलेल्या पेटीसारखं. ते मी पहिल्या दिवशी ऐकलं, मग एकदा खरोखर चार-दोन तडतडी आल्या तेव्हा ऐकलं, आणि मला त्याची ओढ लागली. अर्थ काय, माहीत नाही. ती बाई सुखाचं गात होती की दुःखाचं, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण त्या घरात दिवसभर माझ्या कानावर जे जे पडायचं ते काम असायचं. घागर आण, पीठ मळ, शेण काढ, नंबर लाव. त्या भाषेत मला कुणी काम सांगत नव्हतं. एवढंच होतं, आणि ते मला फार होतं.

एक दिवस टँकरवर दुपारभर उभी राहून मला दीड घागर मिळाली, आणि अर्धी कुणाच्या तरी धक्क्यानं सांडली. सासूबाई बोलायच्या ते बोलल्या. संध्याकाळी रेडिओ लागला. खरखर होती, तडतड नव्हती. "काय माय?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांचा हात बटणाकडं गेलेला मला फटीतून दिसला, आणि मी कडी वाजवली.

गाणं ऐकायला मिळालं. मी भिंतीला पाठ लावून ऐकलं आणि रडले, आणि मला बरं वाटलं. एका दिवसाच्या तडतडीनं काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं. लागोपाठ चार दिवस लागत होते ना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवली. गाण्यासाठीच. यात मला काही लपवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी माळ्यावरची पेरणीची तिफण खाली काढली. तिच्या फणांवरून हात फिरवत बसले, सुताराला बोलावणं धाडलं. किती महिन्यांनी मी त्यांना जेवताना बोलताना ऐकलं. सासूबाईंना म्हणाले, "दोन दिस तडतड लागली बग. आजची न् उद्याची ऱ्हायली." सासूबाई त्या दिवशी मला एकही टोचणारा शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं तेव्हा गाणं माझ्या मनातही नव्हतं. फटीतून त्यांचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्याला नाही म्हणायचं म्हणजे काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. कडी वाजवली. चौथ्या दिवशीही वाजवली. त्या दोन्ही दिवशी खरंच तडतड होती की नव्हती, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. मी ऐकत नव्हतेच. छातीचे ठोके तेवढे ऐकू येत होते.

पाचव्या दिवशी सासूबाईंचा भाऊ स्वतः आला. मोकळा माणूस, मराठी बोलता बोलता मधेच कन्नडात शिरायचा. ओसरीवर बसून त्यानं सरळ सांगितलं, "दाजी, जागा एकाच जोडीची हाय. वाढं संपत आलंय. आज बैल न्यायाला म्हून आलो. तुम्ही न्हाई म्हणलात तर उद्या दुसऱ्या पाव्हण्याची जोडी बांधणार." सासरे म्हणाले, "थांबा. दिवेलागणीला सांगतो."

ती दुपार मला आठवते. सासूबाईंना सगळं सांगून टाकावं असं मी तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा त्या भावाशी बोलण्यात होत्या. निदान मी तरी तसं स्वतःला सांगितलं. शेवटी एक ठरवलं: आज वाजवायची नाही. आज नाही म्हणजे नाही. सासरे समजतील आणि बैल जातील.

रेडिओ लागला. ती बाई बोलली, गाणी झाली. खरखर होती. सासऱ्यांनी विचारलं, "काय माय, आज?" मी कडी हातात घट्ट धरून ठेवली, चुकूनही हलू नये म्हणून. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा मी गप्प. पाहुणा म्हणाला, "न्हाई वाजली दाजी." मग सासऱ्यांच्या आवाजात एकदम उजेड आला. "चार दिस लागोपाठ वाजली, आन् आज गप्प. मला मालूम हाय ह्ये. पाऊस जवळ आला की आसंच होतंय. आधी वारं पडतंय, मग येतंय. बैल न्हाई देत मी."

मी खरं सांगितलं होतं, आणि त्याचा उपयोग आधीच्या चार खोट्यांना झाला. पाहुणा सकाळी रिकाम्या हातानं गेला.

पुढचं लांबवत नाही. रोहिण्या कोरड्या गेल्या. मृग निघालं, ढग यायचे आणि बिडीच्या धुरासारखे विरून जायचे. रोज संध्याकाळी रेडिओ लागायचा, रोज कडी गप्प राहायची, आणि रोज सासरे म्हणायचे, जवळ आलाय. मग सेल उन्हात ठेवूनही जागे होईनात. कडबा संपला. गोठ्याच्या छपरावरचं गवत आम्ही काढून घातलं, जुनं, काळं पडलेलं. धाकट्यानं खाल्लं. थोरल्यानं हुंगलं आणि मान वळवली. दोन दिवसांनी तो बसला. गावातल्या माणसांनी पोटाखाली बल्ल्या घालून त्याला दोनदा उभा केला, आणि दोन्ही वेळा सोडल्यावर तो खाली आला. मी त्याच्यापाशी घागर नेली, माझ्या वाट्याची. त्यानं पाणी पिलं, अगदी सगळं पिलं, आणि मला वाटलं उठेल. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नव्हता. बांधावर खड्डा करून त्याला मिठात पुरला. त्याच दिवशी सासरे धाकट्याला कासऱ्यानं धरून चालत तालुक्याच्या छावणीत घेऊन गेले. सरकारच्या दावणीला त्याला त्यांनीच बांधलं. घरी आले ते जेवले नाहीत.

रविवारी यजमान घरी होते, आणि सासूबाईंचा भाऊ भेटायला आला होता. सगळे ओसरीवर. मी दाराआड. मग सासूबाईंचा बांध फुटला. "ह्या रेडिओनं घर बुडवलं. आन् ही. हिला काय, नांदेडची साहेबीण. गाण्यापायी कडी वाजवत बसायची. मला तवाच दिसत होतं."

यजमानांनी दाराकडं बघितलं. मला फटीतून त्यांचे डोळे दिसले.

"तिला कामून बोलून राहिलीस?" सासरे म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "पाव्हणे बसलेच हायत, त्यांना इचार. त्या दिवशी कडी वाजली होती का?"

"इल्ल," पाहुणा कन्नडात म्हणाला. "न्हाई वाजली. म्या कानानं ऐकलो."

"मग? ती न्हाईच म्हणली होती. दोनदा इचारलं, दोनदा न्हाई म्हणली. मीच ऐकलं न्हाई. माझ्या डोक्यात पाऊस भरला होता."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आधीच्या चार दिवसांचं त्यांनी नाव काढलं नाही. ते विसरले होते, की त्यांना सगळं ठाऊक होतं, की त्यांना मला वाचवायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढं ते गेले तोवर विचारायची सोय झाली नाही.

मग सगळे त्यांच्यावर फिरले. सासूबाई तर बोलल्याच. पाहुणाही म्हणाला, दाजी, मी दारात येऊन उभा ऱ्हायलो होतो. आणि माझे यजमान, ज्यांनी वडिलांसमोर कधी आवाज चढवला नव्हता, ते उभे राहिले आणि बोलायला लागले. रेडिओवर शेती करतात का, लोक हसतात आपल्याला, छावणी होती, मामा होते, तुमच्या हट्टापायी जनावर मेलं. सासरे खाली मान घालून ऐकत होते. या वेळी त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं.

उंबरठा ओलांडून दोन पावलं टाकायची आणि म्हणायचं, मामंजी खोटं बोलत नाहीत पण पुरतं सांगतही नाहीत, चार दिवस मी खोटी कडी वाजवली. एवढंच होतं. मला बोलता येत होतं, बक्षिसं मिळवली होती मी बोलून. पण सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही, ही त्या घरची रीत होती, आणि तिचा मला वर्षभर राग आलेला होता. यजमान ओरडत राहिले, सासरे ऐकत राहिले, आणि मी दाराआड उभी राहून ती रीत पाळली.